रिकामा तळहात

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळत आलो. घरात माकडांचा विषय निघाला की कॉफीचा पेला घेऊन उठायचो. आता माझे थोरले भाऊ अण्णा नाहीत, वहिनीही नाहीत, आणि त्यांच्या नातवंडांना अजून एवढंच ठाऊक आहे की आजीने माकडावर दगड उगारला म्हणून ते तिला चावलं. ते खोटं आहे.

आमच्या तंजावूरच्या घरी जेवणाआधी कावळ्याला भात ठेवायची रीत. वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, वर्षश्राद्धाला मी गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं, पण कावळा काही शिवेना. खाली सगळे उपाशी खोळंबलेले. तेवढ्यात राजवाड्याच्या बाजूने एक म्हातारं माकड आलं, पानाशी बसलं आणि वडा बाजूला सारून आधी भात खाऊ लागलं. अप्पा असेच जेवायचे. माझ्या तोंडून निघून गेलं, "अप्पा आले."

"मग त्यांना रसम वाढू का?" वहिनी म्हणाल्या. सगळे हसले. मी हसलो नाही.

ते रोज येऊ लागलं आणि मी रोज त्याला भात घालू लागलो. एकदा त्याने शेजारणीच्या हातातली केळी हिसकावली, तेव्हा अण्णा चिडले. "बंद कर हे!" वहिनींनीही बजावलं, "भावजी, जनावर आहे ते. माणसाच्या हाताची सवय नका लावू त्याला."

मी हो म्हटलं आणि पाण्याच्या टाकीमागे, कुणाला दिसणार नाही असं, चालूच ठेवलं. मूठ मिटून जायचो. ते जवळ आलं की तळहात उघडायचो. त्यावर भाताचा गोळा असायचा.

पुढे कापणीसाठी मी ओरत्तनाडूच्या शेतावर राहायला गेलो. परतलो तर वहिनींचा उजवा हात पट्टीत.

"गच्चीवर वडामाच्या पापड्या वाळत घालायला गेले होते हो. पदर ओढायला लागलं. मी नुसता हात उघडून दाखवला, की बाबा, माझ्याकडे काही नाही. तर हातच धरला दातांत."

"उगाच कसं चावेल?" अण्णा म्हणाले. "तू दगड उगारला असशील."

"नाही हो. हात उघडला फक्त."

ते कसं घडलं हे त्या खोलीत फक्त मला कळलं होतं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, दिराने आपली बाजू घ्यावी म्हणून. मी म्हणालो, "माकडं उगाच चावत नाहीत."

इंजेक्शनं झाली, जखम भरली, पण दोन बोटं परत वळली नाहीत. आमच्या आत्याने ठरवून टाकलं, मारुतीच्या रूपावर हात उगारल्याचं हे फळ. आता शनिवारी प्रदक्षिणा घाल. वहिनींनी घातल्या. मीच त्यांना स्कूटरवरून न्यायचो आणि बाहेर चपलांपाशी उभा राहायचो. एकदा बाहेर येऊन त्या हळूच म्हणाल्या, "भावजी, तुम्हाला तरी पटतं का? मी नव्हता हो उगारला हात."

मी स्कूटरला किक मारली.

माकड पुढेही टाकीमागे येऊन वाट पाहत बसायचं. मी जिन्याचं दार लावून घेतलं. मग ते दाराच्या पत्र्यावर नखं ओढायचं. ते यायचं थांबलं, पण तो आवाज माझ्या कानातून गेला नाही. ते अप्पाच आहेत असं मी खरंच मानत होतो. तसं असेल तर बापाने सुनेला चावा घेतला आणि मुलाने तिच्यावर आळ राहू दिला. आजही दुकानदाराने सुटे नाहीत म्हणून रिकामा हात दाखवला की मी दचकून मागे सरतो.

शेवटच्या आजारात वहिनी चेन्नईला मुलाकडे होत्या. सांगायचंच, असं ठरवून मी गेलो. त्या बोटांना कॉफीचा पेला पेलवेना, म्हणून मी तो त्यांच्या ओठांशी धरला.

"काही बोलायचंय का, भावजी?"

"माझ्या कॉफीत साखर कमी आहे," मी म्हणालो.

"तुम्हाला कधी पुरली?" त्या हसल्या.

परतीच्या बसमध्ये मी ते मनातल्या मनात म्हणत आलो. वहिनी, तुम्ही हात उगारला नव्हता. उघड्या हातात घास असतो हे त्याला मी शिकवलं होतं, चोरून. मला माफ करा.