शिखर समितीच्या अक्का

अक्कांना सभा संपलेली आवडत नसे. विषयपत्रिकेवरचे विषय आटपले, चहा झाला, सदस्य दाराशी चपला शोधू लागले, की त्या खुर्चीत आणखी सावरून बसत आणि म्हणत, "बरं, आता आयत्या वेळचे विषय. बोला, कुणाचं काय हाय?" उठलेली माणसं पुन्हा बसत. कुणी घड्याळ बघे, कुणी खिडकीतून रस्त्याकडे. कुणाचंच काही नसलं तर अक्का स्वतःच एखादा विषय काढीत. "खालच्या गावच्या लाइनमनचं पोरगं तापानं पडलं हुतं, त्याचं काय झालं?" हा विषय इतिवृत्तात कसा लिहायचा, ते मला शेवटपर्यंत जमलं नाही.

मी त्या समितीचा सचिव. मूळचा ग्रामसेवक, गाव भोकरकडचं, पण नोकरी लागली ती पार दुसऱ्या टोकाला, किल्लारीच्या पलीकडे. तिथल्या सात गावांना एकाच तलावातून, एकाच मोठ्या नळानं पाणी येई, म्हणून सात ग्रामपंचायतींची मिळून एक शिखर समिती होती. नाव भारदस्त, काम रोजचं. कोणत्या गावाला कोणत्या वारी पाणी सोडायचं, मोटार जळाली तर कुणी कुठून मिस्त्री आणायचा, फुटलेला पाइप कुणाच्या हद्दीत, दोन शिवांच्या मधोमध मेलेलं जनावर कुणी उचलायचं. शिखरावर बसून आम्ही बहुतेक वेळा चिखलातलंच बोलत असू.

अक्का अध्यक्ष झाल्या त्या इतरांच्या भांडणातून. त्यांच्या गावचं सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं, तेव्हा दोन्ही पार्ट्यांना दुसऱ्याची बायको नको होती. अक्का विधवा. नवरा, सासू, सासरा आणि थोरली मुलगी भूकंपात झोपेतच गेली होती. त्या माहेरी, लातूरकडच्या मुरुडला, गणपतीला गेल्या होत्या, धाकटा महेश कडेवर होता, म्हणून ती दोघं तेवढी राहिली. मागे बोलणारा पुरुष नाही, म्हणजे ही बाई कुणाचीच नाही, असा हिशेब करून दोन्ही पार्ट्यांनी त्यांना निवडलं. पुढे शिखर समितीतही तेच झालं. नळाच्या माथ्यावरच्या मोठ्या गावचे माधवराव अध्यक्ष व्हायला निघाले होते. बाकीच्या सहा गावांना ते नको होते. सगळ्यांचं एकमत झालं ते अक्कांवर.

पहिल्या सभेला त्या सतरंजीवर, भिंतीला टेकून बसल्या. माधवराव सवयीनं अध्यक्षांच्या खुर्चीकडे निघाले होते. मी म्हटलं, "अक्का, खुर्चीवर तुम्हाला बसावं लागतं." त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि विचारलं, "न्हाई बसलं तर सभा हुत न्हाई का?" मी म्हटलं, नाही होत. "मग बसते बापा. सात गावं खोळंबून राहिलीत." आणि त्या जाऊन बसल्या. माधवराव अर्ध्यावर थांबले, वळले आणि खिडकीपाशी जाऊन पान जमवू लागले. तेव्हापासून दोघांचं जे सुरू झालं ते दर सभेला चाले. तेही कधी सभा चुकवीत नसत.

उन्हाळ्यात माधवरावांच्या गावातली माणसं परस्पर व्हॉल्व्ह फिरवून पाणी वळवून घेत आणि शेवटच्या दोन गावांचे नळ कोरडे पडत. पाणी सुटायच्या दिवशीही तिथल्या बायका शेतातल्या विहिरींवर जात. समितीनं ठराव केले, समज दिली; काही फरक पडला नाही. मग एके दिवशी अक्का खलीलभाईंच्या जीपनं त्या गावात गेल्या आणि व्हॉल्व्हच्या चौकोनी झाकणावर गोधडी शिवत बसल्या. खलीलभाई हे आमच्या समितीचे सदस्य, आणि लातूर रस्त्यावर त्यांची स्वतःची जीप चाले. त्यांनीच मला नंतर सांगितलं. आधी गावातल्या बायका भांडायला आल्या. अक्कांनी मान वर केली नाही. दुपार चढल्यावर एकीनं पाणी आणलं, दुसरीनं छत्री आणली, आणि चार वाजेपर्यंत तिघी-चौघी झाकणाभोवती बसून त्याच गोधडीला टाके घालत होत्या. त्या आठवड्यात शेवटच्या गावांना पाणी पोचलं.

पुढच्या आठवड्यात मी त्या रस्त्यानं चाललो होतो तर अक्का पुन्हा झाकणावर. मी घाबरून विचारलं, "पुन्हा वळवलं का पाणी?"

"न्हाई ओ भाऊसाहेब. व्हॉल्व्ह ठीक हाय. मी आपली आले."

मला तेव्हा हसू आलं. नंतर त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते हसू उरलं नाही. जुनं गाव दगडमातीचं होतं, घराला घर लागून. एकीनं चुलीपाशी खोकललं तर शेजारणीला कळे. पुनर्वसनात वसवलेलं गाव मोकळं होतं. रुंद रस्ते, सारखी घरं, प्रत्येक घराला अंगण आणि दोन घरांत भलं अंतर. नकाशात छान दिसे. अक्का दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सरकारनं काई कमी केलं न्हाई. पर भाऊसाहेब, हितं भांडायचं म्हनलं तरी चालत जावं लागतं."

एका सभेत पाणी कमी करण्याचा विषय होता. तलाव तळाला गेला होता, प्रत्येक गावाची एकेक पाळी कापायची होती. अक्कांनी आपल्या गावापासून सुरुवात केली. तरी माधवराव चिडले. उन्हानं आणि गावच्या माणसांच्या बोलण्यानं ते आधीच तापलेले होते. "तुमचं काय जातंय?" ते म्हणाले. "भूकंपवाल्यांना सगळं मिळालं. घरं मिळाली, रस्ते मिळाले, टाक्या मिळाल्या. आमच्या गावात एक भिंत पडली न्हाई, म्हनून आमाला कुणी इचारलं न्हाई."

खलीलभाईंनी "माधवराव, बस करो" म्हणून त्यांचा हात धरला. अक्कांनी पुढ्यातली विषयपत्रिका सरळ केली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "खरं हाय. लई मिळालं. कुणाला अदलाबदल करायची आसंल तर सांगा. मी आत्ता करते."

खलीलभाईंनी माधवरावांचा हात सोडला. अक्कांनी मला पुढचा विषय वाचायला सांगितला, तो झाला, आणि त्या उठल्या. आयत्या वेळचे विषय त्या दिवशी निघाले नाहीत. बाहेर माधवराव बराच वेळ एकटेच लिंबाखाली उभे होते. पाळी त्यांनी कापू दिली. माफी मागितल्याचं मला तरी माहीत नाही.

महेश दहावीला चांगल्या गुणांनी पास झाला आणि लातूरला गेला. तेव्हा सगळी गावंच लातूरला निघाली होती. ज्याचं पोरगं हुशार त्यानं अकरावीला लातूर गाठायचं, क्लास लावायचे आणि डॉक्टर नाहीतर इंजिनिअर होऊन यायचं. खरं तर परत यायचं नाही. बऱ्याच आया तिकडे एखादी खोली करून पोरासाठी स्वयंपाकाला राहत. गावात म्हातारा आणि म्हशी. अक्कांचा डबा मात्र रोज सकाळी खलीलभाईंच्या जीपनं जाई. सभेत एकदा सगळ्यांनीच त्यांना म्हटलं, "अक्का, तुमी पन जावा की लेकरापाशी. लातूर कुठं लांब हाय?" त्या म्हणाल्या, "आन् ही सात लेकरं कुणाच्या पदरात टाकू?" सगळे हसले. माधवराव हसले नाहीत. त्यांची दोन्ही मुलं याच वाटेनं पुण्याला गेली होती.

मला खरं कारण कळलं ते लातूरच्या स्टँडवर. मी मीटिंगला गेलो होतो, अक्का महेशला भेटून परत निघाल्या होत्या. बसला वेळ होता. आजूबाजूला पाठीवर दप्तरं घेतलेली पोरं, भिंतीभर गुणवंतांचे हसरे फोटो. मी सहज विचारलं, "राहायचं होतं की दोन दिवस."

"ऱ्हायले हुते," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला. आठ दिस बी निभलं न्हाई." मग हातातल्या पिशवीचे बंद गुंडाळत बोलत राहिल्या. "मला झोपलेलं मानूस बघवत न्हाई, भाऊसाहेब. त्यो झोपला की मी उठून त्याच्या नाकापाशी हात धरते. हाय का, बघते. मग घटकाभरानं परत. त्यो जागा हुतो. लहान हुता तवा काई बोलायचा न्हाई. आता म्हनला, आई, माझी झोप हुत न्हाई, वर्गात डोळे मिटतात. तू गावाकडं जा." त्यांनी बंद सोडून पुन्हा गुंडाळले. "बरोबर हाय की त्याचं. झोप नको का लेकराला?"

समोर बस लागली. त्या गर्दीत चढल्या, खिडकीशी जागा मिळाली तेव्हा मला हातानं 'जावा आता' अशी खूण केली. महेशच्या झोपेसाठी ही बाई आपल्या झोपेचं काय करत असेल, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

महेशचा मेडिकलला नंबर लागला, नांदेडला. पेढे अक्कांनी सातही गावांत स्वतः नेऊन दिले. माधवरावांच्या घरी आधी. अक्कांची मुदत त्याच सुमाराला संपली आणि मलाही आंतरजिल्हा बदली मिळाली. घराकडे, भोकरला. निरोपाच्या दिवशी समितीनं मला शाल दिली. अक्का भाषणाला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब आपल्या मानसांत चालले. चांगलं झालं." एवढं बोलून त्या बसल्या. एवढं लहान भाषण त्यांनी कधी केलं नव्हतं.

पुढे काही वर्षांनी प्रत्येक गावाची वेगळी बोअर, वेगळी टाकी झाली आणि शिखर समितीचं काम उरलं नाही. ती मोडली असंही कुणी म्हणालं नाही. सभा बोलवायची राहिली, एवढंच. महेश पुढचं शिकायला दूर दक्षिणेत गेला, तिकडेच त्याचं लग्न झालं, तिकडेच दवाखाना. त्यानं आईला नेलं होतं. त्या राहून परत आल्या. हे मला फोनवर खलीलभाईंकडून कळे.

एकदा लातूरला लग्न होतं, तिथून मी वाट वाकडी करून अक्कांकडे गेलो. त्या जीपची वाट बघत दारातच उभ्या होत्या. "बरं झालं आलात. चला, माधवरावांकडं जायाचं हाय. आज बाजार." मी गोंधळलो. जीपमध्ये त्यांनी सांगितलं. माधवरावांना लकवा झाला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मुलं येऊन दवाखाने करून गेली. घरात ते आणि त्यांची बायको.

माधवराव ओसरीवर बाजेवर होते. अक्का त्यांच्या पायथ्याशी बसल्या आणि जशी सभा सुरू करावी तशा बोलू लागल्या. तलाव निम्मा भरलाय. खालच्या गावच्या टाकीला तडा गेलाय. खलीलभाईंच्या नातवाला लातूरच्या क्लासला घातलं. "तुमच्या गावचे लोक आजून बी पानी वाया घालवतात, सांगून ठिवते." माधवरावांचा डावा हात जोरानं हलला. त्यांची बायको हसली. मला म्हणाली, "ह्या दर बाजारी येतात. ह्यांच्याशिवाय आमच्या दारात कुनी चढत न्हाई."

मी निघालो तेव्हा अक्का उठल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमी व्हा पुढं. माझं हितलं व्हायचं हाय आजून."

ती आमची शेवटची भेट. त्या गेल्याचं मला उशिरा कळलं, तेरावं होऊन गेल्यावर. मी गेलो तेव्हा महेश येऊन परतला होता, घराला कुलूप होतं. शेजारच्या अंगणातल्या बाईनं लांबूनच विचारलं, "कोन पाहिजे?" मी काही नाही म्हटलं. खलीलभाईंनी मला जीपमध्ये बसवलं आणि न विचारताच मोठ्या गावाकडे नेलं.

माधवराव त्याच बाजेवर होते, आणखी आक्रसलेले. मला बघून त्यांनी आधी माझ्या मागे दाराकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. मग त्यांनी डाव्या हातानं पायथ्याची चादर सरळ केली. मी तिथं बसलो. सात गावांतलं आता मला काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून मी भोकरचं सांगू लागलो. आमच्याकडे कापूस कसा आहे, विहिरीला पाणी कुठवर आहे, माझी मुलगी कोणत्या वर्गात गेली. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. आतून त्यांच्या बायकोनं चहा आणून ठेवला आणि तीही उंबऱ्याशी ऐकत बसली. मी बोलत राहिलो.