ताणा, बाणा आणि अंगठा

सुरतेत डिंडोलीहून लिंबायतला जाणाऱ्या शेअर रिक्षात तो रोज भेटायचा. पॉवरलूमवर कामाला होता. त्याला गाऊट होता, पायाचा अंगठा सुजून ठणकायचा, म्हणून रिक्षावाल्याशेजारी बसून तो सुजलेला पाय बाहेर काढायचा. समोरून सायकल आली की आम्ही सगळेच ओरडायचो, "अंगठा!"

एकदा खोकला झाला म्हणून त्याने दुसऱ्याच डॉक्टरकडून गोळ्या आणल्या आणि गाऊटच्या गोळीसोबत सुरू केल्या.

मी म्हटलं, "दोन्ही एकत्र चालतात का, डॉक्टरांना विचारून तरी घ्या."

बोटांत बोटं अडकवून तो हसला. "भाऊ, ताणा उभा, बाणा आडवा. एका सुताने कापड होतं का?"

मग काही दिवस तो दिसलाच नाही. परतला तेव्हा गालफडं बसलेली. जुलाब, उलट्या, सलाईन, सगळं झालं होतं.

"डॉक्टर लई बोलले. खोकल्याच्या गोळीने गाऊटची गोळी अंगात साचते म्हणे, तिचं विष होतं. मरता मरता वाचलो."

"चला, शहाणे झालात."

"झालोच ना!" त्याने खिशातून खोकल्याच्या उरलेल्या गोळ्या काढून खोकणाऱ्या रिक्षावाल्याच्या हातावर ठेवल्या. "ताणा माझ्याकडे, बाणा तुमच्याकडे. आता कापड होऊच द्यायचं नाही!"