चार पांढऱ्या पाकळ्या

डेल्फिना अर्चुलेटाने लेडव्हिल या डोंगरातल्या गावात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. माझी दोन्ही मुलं तिच्याच बसने गेली. निवृत्त झाल्यावर तिला घरात बसवेना. खिडक्या पुसायची, मग पुसलेल्याच पुन्हा पुसायची. शेवटी कुणीतरी तिला डोंगरावरची फुलं मोजायच्या कामाला जुंपलं, आणि पुढची अकरा वर्षं तिचा जुलै एका फुलाच्या नावावर गेला.

ते फूल मोहरीच्या कुळातलं. चार पांढऱ्या पाकळ्या, सगळं मिळून भाताच्या शिताएवढं. झाडं संपतात त्याच्याही बरंच वर, वितळणाऱ्या बर्फाचं पाणी झिरपतं तिथल्या शेवाळात ते उगवतं. जगात फार थोड्या जागी आहे. डेल्फिनाच्या वाट्याला एक उतार होता. तिथली रोपं मोजायची आणि आकडा दुर्मीळ रोपांची नोंद ठेवणाऱ्या वनस्पती मंडळाला कळवायचा.

एका वर्षी सोबतची मैत्रीण आजारी पडली, म्हणून तिने धाकट्या बहिणीला, ओफेलियाला नेलं. ओफेलियाचं गावात केस कापायचं दुकान. फुलांशी तिचा संबंध लग्नापुरता आणि मयतीपुरता.

"एवढ्या चढात माझा जीव गेला, तर फुलं तूच आण," ती दर वीस पावलांनी म्हणत होती.

"बोलणं कमी कर, दम पुरेल," डेल्फिना म्हणाली. तिचं लक्ष ढगांकडे होतं. दुपारी वीज पडायला लागते, त्याआधी खाली उतरावंच लागतं.

साडेनऊला त्या उतारावर पोहोचल्या. जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंट्या जागच्या जागी होत्या. डेल्फिना गुडघ्यांवर बसली, शेवाळावर वाकली आणि शोधू लागली. दहा मिनिटं. वीस मिनिटं. उठून दुसऱ्या खुंटीपाशी गेली, परत पहिलीपाशी आली. ओफेलियाने हिरव्या मिरचीचा बुरिटो पुढे केला, तो तिने हातानेच बाजूला सारला.

"यंदा नाहीत," ती म्हणाली. "एकसुद्धा नाही. वरच्या अंगाला जाऊन बघते."

"ढग बघ जरा."

"बघितले." आणि ती निघालीच, दगडांवरून, नेहमीपेक्षा भराभर.

ओफेलिया वैतागून तिथेच आडवी झाली, पोटावर. नाक शेवाळाला टेकलं. मग तिने हाक मारली, "फिना, ते पांढरं म्हणतेस ते हे का? माझ्या नाकापुढेच चार-पाच आहेत."

डेल्फिना परत आली. बोट दाखवलेल्या जागी वाकली. मान इकडे-तिकडे वळवत तिरकं बघू लागली.

"तुला दिसत नाहीये," ओफेलिया म्हणाली.

"कडेकडेचं दिसतं. बरोबर मधे बघितलं की पुसल्यासारखं होतं."

"कधीपासून?"

"डॉक्टरांनी मे महिन्यात सांगितलं."

"आणि आज गाडी तू चालवत आणलीस? त्या कड्याच्या रस्त्याने?"

डेल्फिनाने वही काढली. रोपं गेली नव्हती याचं तिला हायसं वाटलंच नाही. दूर कुठेतरी गडगडलं.

"मोज," ती म्हणाली. "डावीकडून सुरू कर. हात टेकशील तिथे आधी बघ. मी लिहिते."

ओफेलिया सरपटत मोजत राहिली, मधेच शिव्या घालत. डेल्फिना वहीत रोपागणिक मोठमोठ्या रेघा ओढत होती आणि दर मिनिटाला विचारत होती, "झालं? ती कड सोडली नाहीस ना? परत बघ." त्रेसष्ट रोपं भरली. गेल्या वर्षी एकाहत्तर होती.

गारा सुरू झाल्या तेव्हा त्या गाडीपाशी पोहोचल्या होत्या. ओफेलियाने न विचारता हात पुढे केला आणि डेल्फिनाने किल्ली दिली. असल्या रस्त्यावर ओफेलियाने कधी गाडी घातली नव्हती. "पहिला गिअर. ब्रेक दाबून धरू नकोस," डेल्फिना सांगत होती, आणि शेजारच्या सीटवर तिचा उजवा पाय उगाचच गाडीचा तळ दाबत होता.

मंडळाला तिने स्वतःच फोन करून सगळं सांगितलं. गाडी पुतण्याला दिली. आता जुलैत ओफेलिया एक दिवस दुकान बंद ठेवते आणि दोघी वर जातात. पोटावर झोपून मोजते ती ओफेलिया. डेल्फिना वही घेऊन आभाळाखाली येरझारा घालते, आणि ओफेलिया खालून ओरडते, "बस की एका जागी, तुझी सावली पडतेय."