दसऱ्याला अडून बसलेला लॅपटॉप

खंडेनवमीला बेंगळुरूत कुणी पहिल्यांदा उतरलं, तर त्याला वाटेल की शहरभर गाड्यांची लग्नं लागताहेत. सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत तळघरातल्या पार्किंगमध्ये प्रत्येक मोटारीला केळीची रोपटी बांधलेली असतात, बॉनेटवर झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं. फाटकाशी कुंकू भरून फोडलेला कोहळा. लिफ्टलाही हार. ऑफिसात प्रिंटरपासून कॉफीच्या मशीनपर्यंत सगळ्यांच्या कपाळी हळदकुंकू लागतं. इथं याला आयुधपूजा म्हणतात.

आमच्या घरी ही पूजा सासरे करायचे. ते सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. मल्लेश्वरमच्या घरात ते पाने, पक्कड, ड्रिल, सासूबाईंचं शिलाई मशीन, असं सगळं पुसून ओळीनं मांडायचे. ते गेल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. त्या बेळगावच्या. सगळा संसार बेंगळुरूत झाला, तरी बोलणं बेळगावचंच राहिलं. पहिल्या वर्षी पूजा मी केली. ती उरकेपर्यंत त्या आपल्या खोलीत दार लोटून बसल्या. त्यांना कुणी बसायला सांगितलं नव्हतं. कुणी बाहेरही बोलावलं नाही, मीसुद्धा नाही.

दुसऱ्या वर्षी मी म्हटलं, "आई, या वेळी पूजा तुम्ही करा."

"माझ्या हातानं कशाला गं? तू आहेस की."

"तुमच्या हाताला काय झालंय?"

त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं. "तुझी हरकत नाही न्हवं?"

"माझी कसली हरकत? आता कोण मानतं हे सगळं?"

बोलताना मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं. खरी गोष्ट अशी की त्या दिवशी परदेशातल्या ग्राहकांना सुट्टी नव्हती, माझी फोनवर मीटिंग होती आणि पूजेला कुणीतरी हवं होतं. पुरोगामी असणं मला त्या सकाळी फार सोयीचं पडलं.

त्यांनी न्हाऊन इरकली लुगडं नेसलं. विळी, मिक्सर, सासऱ्यांचं ड्रिल, त्यांची स्वतःची कात्री आणि माझा लॅपटॉप पाटावर मांडला. मी बाल्कनीत फोन कानाला लावून आत बघत होते. त्या घाई करत नव्हत्या. प्रत्येक वस्तूला हळद, मग कुंकू, मग फूल. कुंकू करंगळीशेजारच्या बोटानं, अगदी मधोमध. सगळं झाल्यावर त्या कितीतरी वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. मी ते पाहिलं आणि पुन्हा मीटिंगकडे वळले.

पूजेला मांडलेली वस्तू त्या दिवशी वापरायची नसते. त्यामुळे लॅपटॉप उघडला तो थेट दसऱ्याच्या सकाळी. बटण दाबलं. पंखा फिरला, कंपनीचं चिन्ह आलं, गेलं आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटली. सुरू व्हायला लागणारं काही सापडत नाही, अशा अर्थाची. बंद करून पुन्हा सुरू केला. तेच.

मी खाली बघितलं. कीबोर्डच्या मधोमध कुंकवाचा ठसठशीत टिळा होता. त्यावर पाकळीचा एक तुकडा.

सासूबाई शेजारी टेबलाशी कोथिंबीर निवडत होत्या. मी म्हटलं, "आई, आत कशाला लावलंत? मशीनमध्ये कुंकू गेलं की संपलंच. पाणीपण शिंपडलंत ना वर?"

"फुलानं स्वल्प शिंपडलं..."

"सांगायला हवं होतं मी. तुमच्या हातात द्यायलाच नको होता."

हे वाक्य तोंडातून गेलं तेव्हा मला त्यात वावगं काही दिसलं नाही. लॅपटॉप हातात द्यायला नको होता, एवढंच म्हणायचं होतं मला. सासूबाईंनी कोथिंबिरीची जुडी तशीच कागदात गुंडाळली आणि त्या उठल्या.

मग मी कामाला लागले. चार्जर काढला, पॉवरचं बटण दाबून धरलं, सोडलं, पुन्हा लावला. लॅपटॉप उलटा करून हलक्या हातानं ठोकला, थोडं कुंकू टेबलावर पडलं. रंगवायच्या कोरड्या ब्रशनं बटणांच्या फटी झाडल्या. केस वाळवायचं यंत्र गार हवेवर ठेवून फिरवलं. दसरा असल्यामुळे दुरुस्तीची दुकानं बंद. दर वेळी तीच पांढरी ओळ.

पाणी प्यायला आत जाताना सासूबाईंच्या खोलीतून आवाज आला. बेळगावच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. "...न्हवं, कुणी काय म्हटलं नाही गं. खरं मीच हात लावायला नको होता. आता नाही लावणार."

मी दाराशी थांबले नाही. पण हॉलमध्ये येईपर्यंत मला कळलं होतं की मोडलंय ते लॅपटॉपपेक्षा मोठं आहे. कळूनही मी परत स्क्रूड्रायव्हर उचलला. लॅपटॉप सुरू झाला की बाकीचं आपोआप नीट होईल, असं धरून चालले. सोपं काम आधी करायची सवय.

मागचं झाकण उघडायला बसले, तेवढ्यात नवरा पार्किंगमधल्या गाडीचा हार काढून वर आला.

"काय चाललंय?"

"आईंनी आत कुंकू लावलंय. सुरू होत नाहीये."

तो वाकून बघायला लागला. "बाजूला हे काय लावलंयस?"

"माउसचं आहे ते, बिनतारी जोडणीचं. नेहमी असतं."

"माउसचं?" त्यानं टेबलावरचा माउस उचलून उलटा केला, खालचं झाकण सरकवलं. "माउसचं इथं आहे. त्याच्या पोटात."

मी बाजूचा नखाएवढा तुकडा उपटून काढला. तो पेनड्राइव्ह होता. पूजेच्या आदल्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या बाईंना त्यांच्या नवरात्रीतल्या बाहुल्यांच्या मांडणीचे फोटो द्यायचे म्हणून मीच लावला होता आणि फोटो भरून विसरले होते. एरवी मी लॅपटॉप नुसता मिटते. पूजेला द्यायचा म्हणून पहिल्यांदाच पुरता बंद केला होता. सुरू होताना ते मशीन आधी त्या पेनड्राइव्हमध्ये विंडोज शोधत होतं आणि न मिळाल्यावर अडून बसत होतं. आता बटण दाबताच मुकाट्यानं सुरू झालं. कुंकू बिचारं बटणांच्या वरच होतं.

एचएसआर लेआउटमधल्या ज्या कंपनीत मी काम करते, तिथं ग्राहकांच्या तक्रारी घेणारी सगळी टीम माझ्या हाताखाली आहे. नव्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी शिकवते: मशीन सुरू होत नसेल तर आधी जोडलेलं सगळं काढायला सांगा. ग्राहक काय म्हणतो त्यावर जाऊ नका, त्याला आधीच कुणावर तरी संशय असतो. हे ऐकून मुलं हसतात, मीही हसते. त्या सकाळी मला कुंकू दिसलं आणि पुढचं काही बघावंसंच वाटलं नाही.

"आईला सांग," नवरा म्हणाला.

"सांगते."

"आत्ता सांग."

"अरे सांगते म्हटलं ना. पुऱ्या तळायच्यात."

मी स्वयंपाकघरातूनच मोठ्यानं म्हटलं, "आई, झाला हो सुरू लॅपटॉप!"

"सरी, बरं," आतून उत्तर आलं. एवढंच. कशानं बंद पडला होता हे त्यांनी विचारलं नाही आणि मी ते न विचारल्याचा फायदा घेतला. जेवायला श्रीखंड होतं. त्यांनी सगळ्यांना वाढलं, पण देवाला नैवेद्य दाखवायला त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. रोजचा नैवेद्य त्याच दाखवायच्या.

संध्याकाळी त्या शेजारपाजारी सोनं म्हणून द्यायची शमीची पानं निवडत बसल्या होत्या. मी समोर जाऊन बसले.

"आई, तो लॅपटॉप कुंकवानं नव्हता अडला. माझाच पेनड्राइव्ह राहिला होता त्यात."

"हुय?"

"हो. तुमच्या हाताचा काही संबंध नव्हता. तुम्ही तसलं काही मनात आणू नका. ही सगळी अंधश्रद्धा असते."

त्यांनी पानांवरची नजर वर केली. "कुणाच्या मनात?"

"तुम्ही मावशींना फोनवर म्हणत होतात..."

"म्हणत होते की. हात लावायला नको होता म्हटले. कुंकवानं मशीन बिघडलं असं कुठं म्हटले? इंजिनिअरची बायको आहे मी. मशीन आपल्या कारणानं बिघडतंय, एवढं कळतंय मला." त्यांनी एक किडकं पान बाजूला टाकलं. "हातावर तू गेलीस. काही बघायच्या आधी गेलीस."

मी समोरची पानं उगीच सारखी करायला लागले.

"देवाला विचारूनच लावले होते मी," त्या म्हणाल्या. "त्याची हरकत नव्हती."

त्या पुन्हा पानांकडे वळल्या. मी "चुकलं माझं" म्हटलं. ते खरंच होतं, पण त्या क्षणी फारच स्वस्त वाटलं. मी त्यांना अंधश्रद्धेतून सोडवायला निघाले होते आणि विधवेच्या हाताचा विचार घरात सगळ्यात आधी माझ्या तोंडातून निघाला होता. मला तसं म्हणायचं नव्हतं, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण माझ्या जिभेला तो हात इतक्या चटकन कसा सापडला, याचं उत्तर त्यानं मिळत नाही.

"ती पिशवी दे इकडं," त्या म्हणाल्या. "पानं सुकतील."

नैवेद्य त्यांनी दोन-चार दिवसांत पुन्हा दाखवायला घेतला. मी काही बोलले नाही. बोलून मी आणखी काय बिघडवेन, याची खात्री उरली नव्हती.

या वर्षी खंडेनवमीला मी त्यांना पूजा करा म्हटलं नाही आणि नका करू असंही म्हटलं नाही. सुट्टी काढून सकाळपासून नुसती घरात राहिले. न्हाऊन त्या आपणहून आल्या, पाट मांडला, विळीला लावलं, मिक्सरला लावलं, ड्रिलला लावलं. नवऱ्यानं आपला मोबाइल पुढे केला, त्यालाही लावलं. माझ्या लॅपटॉपपाशी आल्यावर थांबल्या आणि कुंकवाची वाटी माझ्याकडे केली.

"तुझं तू लाव."

रागानं नाही, अगदी साधेपणानं. मी वाटी घेतली आणि लावलं. मी बाजूला होईपर्यंत त्या थांबल्या आणि मग पुढच्या कात्रीकडे वळल्या.