बाहेरच्यांची नावं

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी मोटर स्टँडवर माझ्या सासऱ्यांनी टोपी काढून हातात धरली आणि प्रार्थना सुरू केली. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, कंडक्टर आमची वळकटी टपावर चढवत होता, आणि सासरे डोळे मिटून सावकाश देवाला आमचा नवा पत्ता समजावून देत होते. जबलपूर, तिथला कारखाना, मदन महलची भाड्याची खोली, काही राहिलं नाही. आमेन झाल्यावर ते यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला म्हणाले, "आजपासून तुमची नावं बाहेरच्यांत घेईन. तुम्ही तिथं आमची घेत जा. घरात बसला आहे त्याचं नाव घ्यायचं काम नाही, त्याले देव पाहूनच राहिला."

गावाकडे राहिलेल्या तुम्हा लोकांना हे सांगायला नको, पण तुमच्या नातवंडांना माहीत नसेल. अचलपूरकडच्या आमच्या त्या खेड्यात दिवेलागणीला घरोघरी कुटुंब-प्रार्थना व्हायची. आधी एक भजन, मग शास्त्रपाठ, मग प्रभूची प्रार्थना. शेवटी घरातला कर्ता पुरुष घराबाहेर गेलेल्यांची नावं एकेक करून घ्यायचा. जो आधी गेला त्याचं नाव आधी, क्रम ठरलेला. त्याशिवाय ताटं वाढली जात नसत. मेलेल्यांची नावं मात्र घ्यायची नाहीत. तो माणूस देवाच्या हाती पोचला, त्याच्यासाठी आता तुम्ही काय मागणार, असं चर्चचे पाळकसाहेब म्हणत.

इटारसीला गाडी बदलून आम्ही जबलपूरला उतरलो. पूर्वी आपलं गाव आणि हे शहर एकाच प्रांतात होती, पण आम्ही आलो तेव्हा राज्यं वेगळी झाली होती आणि सासरे पत्रात "परमुलखात सांभाळून राहा" असं लिहीत. परमुलूख कसला, सरळ सगळी हिंदी. चर्चमध्ये मी "सलाम" म्हटलं की समोरून "जय मसीह की" यायचं. तिथे आम्ही मराठीवाले, आणि शेजारच्या नागपूरकडच्या मराठी बायकांत ख्रिश्चन. त्यांतल्या एकीने तर मला विचारलं होतं, तुम्ही इतकी चांगली मराठी कुठं शिकलात. मी म्हटलं, आईच्या पोटात. मग आमची मैत्री झाली.

घरात मात्र दिवेलागणीची प्रार्थना मराठीतच राहिली. हे रोज सासऱ्यांचं, सासूबाईंचं, भुसावळच्या दिरांचं, अमरावतीच्या नणंदेचं नाव घेत. यांची रात्रपाळी असली की प्रार्थना माझ्याकडे यायची आणि पंचाईत व्हायची. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही हे मी आईकडून शिकले होते, ख्रिस्ती असलो तरी. मी "मुलांचे बाबा" म्हणायची. देवाला कळत असणार. यांनीही मला कधी नावाने हाक मारली नाही. "ऐकलं का" एवढ्यावर आमचा संसार चालला.

पुढे जबलपुरातच महाराजपूरला आमचं छोटं घर झालं. गावी आधी सासरे गेले, मग सासूबाई. त्यांची नावं रीतीप्रमाणे गळली. मुलगा गुजरातेत नोकरीला गेला, त्याचं वाढलं. आणि मग यांना लकवा मारला.

उजवा हात गेला आणि भाषा गेली. पाणी हवं असलं तरी पाणी म्हणता येईना, नुसते खिडकीकडे बघत. माझ्याकडे बघत तेव्हा ही बाई कोण हे त्यांना कळतं की नाही, तेच मला उमगेना. चर्चच्या मंडळीतले लोक येत, "धीरज रखो, दीदी" म्हणत, चहा पिऊन जात. माझा देवावर राग होता, आणि तो मी लपवत नव्हते. तरी दिवेलागणीला मी शास्त्र उघडून बसायची. ते विश्वासाने नव्हे. त्या वेळी दुसरं काय करायचं हे मला ठाऊकच नव्हतं.

अशाच एका संध्याकाळी मी आणि मुलगी सरोज प्रभूची प्रार्थना म्हणत होतो आणि यांचा आवाज आला. अडखळत नाही, चांगला मोठा. आमच्या पुढे जाऊन त्यांनी प्रार्थना संपवली आणि न थांबता नावं घेतली. सासऱ्यांचं, सासूबाईंचं, दिरांचं, नणंदेचं, शेवटी मुलाचं. मग पुन्हा गप्प. सरोज घाबरून मला म्हणाली, "आजी-आजोबा तर गेले न, मग त्यांचं नाव काहून घेऊन राहिले?" मी म्हटलं, घेऊ दे, पाळकसाहेबांना मी बघते.

मग हे रोजचंच झालं. डॉक्टर म्हणाले, रोजची सवय डोक्यात वेगळ्या जागी असते, ती वाचली आहे. असेल. मी मात्र रोज त्या नावांच्या शेवटी कान देऊन बसू लागले. एकदा माझं नाव यावं. मग मला कळलं असतं की मी यांना ठाऊक आहे. नाव आलं नाही. येणार कसं, मी घरात, समोरच बसलेली. रीत मला माहीत होती, तरी वाईट वाटायचं.

त्या उन्हाळ्यात माझा भाऊ फार आजारी पडला. यांना सरोजवर सोपवून मी गावी गेले. भाऊ सावरल्यावर परत आले, तर सरोज दारातच म्हणाली, "बाबांनी तुझं नाव घेतलं. रोज, सगळ्यांत शेवटी. करुणा म्हणाले, एकदम साफ."

मी पिशवी खाली ठेवली आणि तिथेच ओट्यावर बसले. तिला वाटलं, मला प्रवासाने चक्कर आली.

"अगं आई, ते तर पहले से घ्यायचे," ती म्हणाली. "तू गावी जायची न, तेव्हा दरवेळी. तुला माहीत नव्हतं?"

कसं माहीत असणार? तेव्हा मी घराबाहेर असायची.

मी आत गेले. हे खिडकीकडे बघत होते. त्या संध्याकाळी नावं मुलापर्यंत आली आणि थांबली. मी घरी पोचले आहे हे यांना कळलं होतं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

आता सरोज रायपूरला असते. घर कुठलं असं कुणी विचारलं तर मी गावही सांगत नाही आणि जबलपूरही सांगत नाही. आपण नसताना जिथे संध्याकाळी आपलं नाव घेतात, ते घर. मी एकटीच बसते आणि बाहेर असलेल्या तुम्हा सगळ्यांची नावं क्रमाने घेते. बरीच आहेत, भाजी गार होते. मुलगा झाला, सरोज झाली, की मग सगळ्यांत शेवटी गेलेल्याचं. पाळकसाहेबांना चालणार नाही, आणि माझ्या आईला तर मुळीच चाललं नसतं. पण ते बाहेर गेले आहेत आणि मी घरात आहे, तेव्हा घ्यायचं काम माझं. शमुवेल, असं मी मोठ्याने म्हणते, आणि मग ताट वाढून घेते.