मामांच्या वहीतला शेरा

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ गोष्टी सांडल्या आहेत. दौत सांडली आहे, चहा सांडला आहे, लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत सासऱ्यांच्या मांडीवर पेलाभर गरम दूध सांडलं आहे. पण ते सगळं फडक्याने पुसता आलं. एका माणसाची अकरा वर्षं मी एका शिक्क्याखाली बुडवली, त्याला पुरेल असं फडकं मात्र मला मिळालं नाही.

तेव्हा मी बंदरावरच्या खलाशी कचेरीत धाकटा कारकून होतो. राज्य परक्यांचं, जहाजं परक्यांची, कोळसाही बहुतेक परक्यांचाच. तो भट्टीत टाकणारे हात तेवढे आमचे. त्या हातांवर सरकारचा विश्वास नव्हता, म्हणून प्रत्येकाच्या नावाची एक वही असे. वहीत माणसाची उंची, अंगावरची खूण, अंगठ्याचा ठसा आणि प्रत्येक फेरीनंतर कप्तानाचा शेरा. खलाशी ती पत्र्याच्या नळीत गुंडाळून कमरेला बांधत आणि वहीलाच नळी म्हणत. वहीशिवाय जहाजावर पाय ठेवता येत नसे, आणि आमच्या कचेरीशिवाय वही मिळत नसे.

शेरे दोनच. एक ‘वर्तणूक उत्तम’, दुसरा ‘अभिप्राय देण्यास नकार’. बरी, ठीक, चालेल अशी मधली पायरीच नव्हती. हा दुसरा शिक्का बसला की पुढचं जहाज संपलं. कप्तानाला कारण द्यावं लागत नसे. त्याने शिवी दिली असती तर उलट काही विचारता आलं असतं. तोंड मिटून बसलेल्याला काय विचारणार? आणि वहीत खाडाखोड झाली की वही रद्द, खाडाखोड करणारा कारकून घरी.

त्या दिवशी एका मोठ्या जहाजाची माणसं उतरली होती. कप्तानाची यादी माझ्यासमोर, चाळीस वह्यांची चळत डाव्या हाताला. प्रत्येकाला पुढे बोलवायचं, शेरा मोठ्याने वाचायचा, शिक्का मारायचा. यादीत एकोणचाळीस ‘उत्तम’ होते आणि एकच नकार. तो होता लंबूचा. लंबू म्हणजे भट्टीपर्यंत कोळसा ओढून आणणारा, बांबूसारखा उंच, तिशीतला माणूस. मी शेरा वाचला. त्याने वही घेतली, मान वाकवून दारातून बाहेर गेला, आणि रांग एकदम मुकी झाली.

मला असली शांतता सोसत नाही. घरात कुणी रुसलं तरी मी विनोद करतो आणि दुप्पट बोलणी खातो. मी म्हणालो, “कालची गंमत सांगतो. एकाच्या अंगावर लिहायला खूणच सापडेना. आमचे मोठे कारकून म्हणाले, घरी जा, बायकोला एकदा उलट बोल आणि उद्या ये. आज आला, दोन खुणा घेऊन!”

रांग हसली. लंबूच्या मागेच उभे असलेले, भट्टीत कोळसा फेकणारे आगवाले मामा तर सगळ्यांत मोठ्याने हसले. त्या हशातच मी “मामा, वर्तणूक उत्तम!” असं ओरडलो आणि समोर पडलेला शिक्का उचलून दणकन मारला. शाई ओली होती. वाचलं तर ‘अभिप्राय देण्यास नकार’. लंबूसाठी काढलेला शिक्का मी परत पेटीत ठेवलाच नव्हता.

पलीकडच्या टेबलाशी साहेब बसला होता. मी वही मिटली. मामांनी ती सदऱ्याच्या टोकाने पुसली, नळीत सारली आणि म्हणाले, “तुमची बाई बरी वाटते, तुमच्या अंगावर खूण दिसत नाही.” रांग पुन्हा हसली. हसलो नाही तो मी एकटा.

मामा हे भट्टीवरचे आगवाले. पन्नाशी जवळ आलेली. भुवया जळून जळून विरळ झालेल्या, त्यामुळे चेहऱ्यावर कायमचं थोडं आश्चर्य. इंजिनाच्या आवाजात आयुष्य गेलेलं, म्हणून बोलणं सगळं ओरडून. मामांनी कानात सांगितलेली गोष्ट तीन गल्ल्यांना कळे. दोरखंडाच्या दुकानामागे त्यांची एक खोली होती. तिथे मामी गोणपाटं शिवत बसे. मामा घरी असले की दार कधी लागत नसे, थंडीतही नाही. “बारा महिने दार लावलेल्या डब्यात असतो,” ते म्हणत, “चार दिवस उघड्यावर काढू दे.” चुलीकडे मात्र पाठ करून बसत. मामी म्हणे, “हे घरी असले की चूल मी एकटी पेटवते. काय म्हणे, सुट्टीत कामाचं तोंड बघायचं नाही!”

जहाजावर गोऱ्या खलाशाला निजायला जेवढी जागा, त्याच्या निम्म्याहूनही कमी आमच्या खलाशाला द्यावी, असा लेखी नियम होता. तो मीच एकदा मामांना वाचून दाखवला. मामा म्हणाले, “सोयीचं आहे. वादळात गडगडायला जागाच राहत नाही.”

दोन महिने गेले. मामा दुसऱ्या जहाजाच्या भरतीला उभे राहिले. इंजिनसाहेबाने वही उघडली, शेवटचं पान पाहिलं आणि काही न बोलता मिटून परत दिली. मामांना वाचता येत नव्हतं, पण असं मिटणं कळायला अक्षरओळख लागत नाही. ते सरळ माझ्याकडे आले.

“बाबू, तुम्ही उत्तम वाचलं होतंत ना?”

खरा कागद, कप्तानाची यादी, माझ्या पाठीमागच्या कपाटात होती. हात लांबवला असता तर मिळाली असती. घरी बायको, दोन पोरं, आजारी सासू. माझ्या तोंडून निघालं, “मामा, यादीत नकारच होता. तुम्हाला चारचौघांत वाईट वाटू नये म्हणून मी उत्तम म्हटलं.”

मामांनी मान डोलावली, जणू काही हिशेब जुळला. “असं होय,” ते म्हणाले. “भला माणूस आहात.”

तो शब्द मी घरी घेऊन गेलो आणि जेवण उतरेना. बायकोने विचारलं, “साहेब बोलला का?” म्हटलं, “नाही, एकाने कौतुक केलं.” ती म्हणाली, “मग घशात कशाला अडकवून घेतलंय?”

मी उपाय काढला तो भित्र्या माणसाचा. कपाट उघडायचं नाही, पण मामांच्या वतीने कप्तानाला अर्ज लिहायचा. कप्तानानेच मोठ्या मनाने ‘उत्तम’ पाठवलं तर सगळेच सुटतील. दर रविवारी मी मामांच्या खोलीवर जाऊ लागलो. “या, शिक्केवाले,” मामी म्हणे आणि गोणपाटांचा ढीग बाजूला सारून मला जागा करून देई. काहीच माहीत नसताना तिने मला ते नाव का दिलं, देव जाणे.

मी कागदावर ‘कृपावंत, दयासागर’ असं लिहू लागलो की मामा अडवत. “दयासागर कशाला? समुद्र त्याने बघितलाय. साधं लिहा. त्याच्याच जहाजावर अकरा वर्षं, तीन नंबरची भट्टी, एक दिवस नागा नाही.”

“आणि दोनदा चक्कर येऊन पडले, तेही लिहा,” मामी म्हणाली.

“ते त्याला ठाऊक नसतं.”

“पडलेलं माणूस दिसत नाही त्याला?”

“तो खाली कशाला येईल? खाली उकडतं.”

तेवढ्यात बऱ्याचदा लंबू येई. आता तो गोदीवर पोती वाहत होता. उंच माणसाने पोती वाहिली की कणा आधी बोलतो. तो भिंतीला टेकून बसे आणि मामांच्या चहातला अर्धा त्याचा असे. दोघे फार बोलत नसत. भट्टीवर जोडी असते: एक कोळसा आणतो, एक फेकतो, आणि तिथल्या गोंगाटात बोलण्याची सवय लागत नाही. पेला किती तिरका झाला की थांबायचं, एवढं त्यांना एकमेकांचं बरोबर कळे.

उत्तर यायला साडेतीन महिने लागले. मामा तोवर रोज सकाळी कचेरीबाहेरच्या बाकावर येऊन बसत, अंगावर धुतलेला सदरा, कमरेला नळी. कुणी विचारलं तर “सहज” म्हणत. घरातली भांडी एकेक करून कमी होऊ लागली होती. मामी आता रात्री दिव्याच्या उजेडातही गोणपाटं शिवत होती आणि ती तिचे डोळे खात होती.

कप्तानाचं पत्र दोन ओळींचं होतं. मी ते मामांना बाकावरच वाचून दाखवलं. ‘या इसमाची मला आठवण नाही. कचेरीच्या दप्तरात जे असेल तेच खरं धरावं.’

“पुन्हा वाचा,” मामा म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

“अकरा वर्षं,” मामा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते हळू बोलले. मग उठले, नळी नीट बांधली आणि उन्हातून घरी निघाले. त्यांची पाठ वळणाआड गेली तसा मी आत आलो, कपाट उघडलं, यादी काढली आणि माझ्या चुकीची कबुली लिहून दोन्ही कागद साहेबापुढे ठेवले.

साहेबाने ते दोनदा वाचले. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. “इतके महिने?” एवढंच तो म्हणाला. माझी रवानगी जुन्या दप्तरांच्या तळघरात झाली, जिथे पुढची नऊ वर्षं मी उंदरांना विनोद सांगितले. पण मामांच्या वहीचा हुकूम त्याच दिवशी निघाला: नवं पान, नवा शिक्का, खाली मामांचा अंगठा घ्यावा. दहा दिवसांनी एक जहाज सुटणार होतं आणि त्याला आगवाले हवे होते.

मी हुकूम, शाईची डबी आणि कोरडं पडलेलं तोंड घेऊन खोलीवर गेलो. दारातच सगळं सांगून टाकलं. विनोद, शिक्का, खोटं, कपाट, सगळं.

मामीने सुई गोणपाटात खुपसली. “अहो शिक्केवाले! माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन, अर्ज लिहीत होतात तुम्ही? चूक झाली, ठीक आहे, माणसाकडून होते. पण ह्यांनी तुम्हाला भला माणूस म्हटलं, ते तुम्ही ठेवून घेतलंत!”

मी खाली मान घालून उभा राहिलो. ती बोलली त्यात एक काना जास्त नव्हता.

मामा मात्र भलतंच विचारत होते. “म्हणजे कप्तानाने मला दोषी धरलंच नव्हतं?”

“नव्हतं मामा. यादीत तुमच्यापुढे उत्तमच होतं. नकार एकट्या लंबूचा.”

मामा उंबऱ्यावर बसले. “मला वाटलं, त्याला कळलं,” ते म्हणाले. “म्हणून अर्ज केला तरी मी भांडलो नाही. म्हटलं, बरोबर आहे, दोघांना मिळायला हवा तो नकार दोघांना मिळाला.”

“काय कळलं?”

“उन्हाच्या समुद्रात होतो. खाली वारा आणणारं भोंगं भलतीकडे वळलेलं होतं. दोन दिवस कुणी बघेना. मला श्वास पुरेना. मी लंबूला म्हटलं, वर जा आणि सांग. पाळीवरच्या माणसाने वर जायचं नाही, हा नियम आहे. तो गेला. कप्तान गोऱ्या पाहुण्यांबरोबर बसला होता, त्यांच्यासमोर हा कोळशाने माखलेला जाऊन उभा राहिला. भोंगं वळवलं त्यांनी. मी जगलो. लंबूला त्यांनी विचारलं, कुणी पाठवलं? तो म्हणाला, मीच आलो.”

मामी शिवणं विसरली होती. हे तिलाही ठाऊक नव्हतं.

मी हळूच हुकूम पुढे केला. मामांनी तो माझ्याकडूनच वाचून घेतला. शेवटची ओळ अशी होती, की सदर फेरीत गैरवर्तन नकार मिळालेल्या एकट्या दुसऱ्या इसमाचंच होतं, हे खाली अंगठा देणाऱ्यास मान्य आहे. सरकारी कागदाला अशी एक ओळ जादा लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.

मी शाईची डबी उघडली. मामांनी अंगठा मुठीत मिटून घेतला.

“मामा, जहाज दहा दिवसांत सुटतंय,” मी म्हणालो. “ओळ तर नुसती कागदावरची आहे.”

“माझी अकरा वर्षंही कागदावरचीच होती.”

मी मामीकडे पाहिलं. वाटलं, ती तरी समजावेल. तिने घरातल्या उरलेल्या भांड्यांवरून एकदा नजर फिरवली, मामांच्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं आणि गोणपाटांचा ढीग उचलून बाजूला ठेवला. रिकाम्या झालेल्या जागेकडे तिने नुसती मानेने खूण केली.

“अहो पण मामा, मग मी आता काय करू?”

“बसा, आणि लंबूचा अर्ज लिहा.”