बेल्टचं माप

नागदेवीच्या बाजारात स्क्रूपासून क्रेनच्या साखळीपर्यंत काय म्हणाल ते मिळतं. मिळायचा नाही तो फक्त आमच्या मशीनचा बेल्ट. ह्यांनी नोकरी सोडून भाईंदर पूर्वेला गाळा घेतला आणि प्लायचे सपाट फ्लश दरवाजे बनवायला लागले, तेव्हा एका बंद पडलेल्या कंपनीतून दारं घासायची भलीमोठी परदेशी मशीन उचलून आणली. दाराहून रुंद असा पॉलिशपेपरचा बेल्ट तिच्यात गरागरा फिरायचा. त्या मापाचा बेल्ट इथे कुणीच ठेवत नाही, हे मशीन बसवून झाल्यावर कळलं. आधी विचारायचं असतं, पण विचारतील तर ते आमचे हे कसले!

माझं ऑफिस फोर्टात. "तू तिकडेच असतेस ना, जाऊन ये," म्हणून ह्यांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं, ते कायमचं. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता मी दुकानं पालथी घालायचे. "ये साइझ नहीं आता बेन," हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की शेवटी दुकानाच्या पायरीवरूनच मी मान हलवून विचारायचे. एक दुकानदार मोठ्या रोलमधून कापून, जोड चिकटवून द्यायला तयार झाला. पण लागायचे तीन आठवडे, आणि एकदा कापलेला माल परत नाही. वर माल सांभाळायचा कसा? भाईंदरच्या खाऱ्या दमट हवेत बेल्ट कडेने वळायचे. मी अगदी विटून गेले होते.

तरी जायचे, ते आमच्या मिस्त्रींसाठी. मिस्त्री नवघर गावातले, उमेदीची वर्षं मिठागरात गेलेली, मग सुतारकीत आलेले. त्यांच्या छातीत भुसा बसला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, धुळीत काम करायचं नाही. मशीनला भुसा ओढून घेणारा पंखा होता, त्यामुळे मशीनवर त्यांचं निभायचं. बेल्ट संपले की हातानेच घासायचं, आणि मग ते असे खोकायचे की ऐकणाऱ्याचा जीव घाबरा व्हावा. घरी बसा म्हटलं तर म्हणायचे, "बसून खायाला काय हाय, वयनी?"

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या आजूबाजूला नया नगर, सिल्व्हर पार्क, जिकडे बघावं तिकडे बिल्डिंगा उठत होत्या आणि दारांना नुसती मागणी. नेमका तेव्हाच शेवटचा बेल्ट फाटला. मापाची जुनी चिठ्ठी सापडेना, दुकानदारानेही ठेवलेली नव्हती. हे सासूबाईंना घेऊन गावाला गेलेले, आणि लोखंडी टेप ह्यांच्या खिशात. थांबवेना. मी घरून माझी ब्लाऊज शिवायची कापडी टेप आणली. फाटका बेल्ट जमिनीवर पसरला, एक टोक मिस्त्रींनी धरलं आणि मी माप घेतलं. टेप तोकडी, म्हणून चार वेळा लावावी लागली.

तीन आठवड्यांनी बेल्ट आले ते दोन बोटं आखूड. रोलरवर चढेचनात. सहाच्या सहा फुकट! तोवर हे परत आले होते. "माप कोणी घेतलं?" म्हणून असे ओरडले की बाजूच्या गाळ्यातली माणसं डोकावली. वापरून वापरून टेप ताणलेली असणार, म्हणून माप कमी भरलं, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. एवढी शिकलेली बाई, आणि अक्कल कुठे गहाण टाकली होती कोण जाणे.

मी तोंड उघडायच्या आत मिस्त्री म्हणाले, "मी घेतला माप."

ह्यांनी त्यांना सगळ्यांदेखत काय काय ऐकवलं, ते मी इथे लिहीत नाही. मिस्त्री खाली मान घालून उभे होते. घरी गेल्यावर खरं सांगू, असं मी मनाशी म्हटलं, पण घरी गेल्यावरही सांगितलं नाही. नवे बेल्ट येईपर्यंत आणखी तीन आठवडे मिस्त्री हाताने दारं घासत होते. बेल्ट आले, मशीन चालू झाली. त्यानंतर त्यांनी वर्षभर कसंबसं काम केलं आणि मग अंथरूण धरलं.

मी नवघरला त्यांना बघायला गेले. धापा टाकत उशीला टेकून बसले होते. मला राहवेना. म्हटलं, "मिस्त्री, चूक माझी होती. तुम्ही का अंगावर घेतलीत? माझी दया आली म्हणून?"

"दया कसली, वयनी," ते म्हणाले. श्वास पुरेना, म्हणून थांबले. "तुमचा नाव निंगला असता तं सायबांनी परत तुमाला बाजारान धाडला नसता. मंग माझं बेल्ट कोनी आनलं असतं?"